गंज, गिअर आणि आजोबांची हिंद

हल्ली कुठल्याही हटके कॅफेत शिरा, भिंतीवर एक जुनी सायकल टांगलेली दिसतेच. काळी, उंच दांडीची, हँडलला वेताची बास्केट आणि बास्केटमध्ये प्लॅस्टिकची फुलं. खाली आपण दोन-अडीचशे रुपयांची कॉफी पीत 'काय व्हिंटेज आहे यार!' असं म्हणून फोटो काढतो. मला त्या सायकलीची जाम दया येते. जिने आयुष्यभर दुधाचे कॅन, पिठाचे डबे आणि डबलसीट बायको-पोरं वाहिली, तिची रिटायरमेंटमध्ये फुलदाणी करायची?

या विषयावर मी सध्या जरा जास्तच इमोशनल आहे, हे आधीच सांगून टाकतो. कारण गेले सहा महिने माझे सगळे वीकेंड एका सायकलीने खाल्लेत. मित्र लोणावळ्याला, मी माहुलला. मित्रांच्या हातात बिअर, माझ्या हातात ग्रीस!

माहुल म्हटलं की रिक्षावाल्याचा चेहरा कसा होतो, ते तिथे नातेवाईक असणाऱ्यांनाच कळेल. चेंबूरच्या पलीकडे, रिफायनऱ्यांना खेटून असलेलं हे मूळचं कोळ्यांचं गाव. एका बाजूला टाक्या आणि चिमण्या, दुसऱ्या बाजूला खाडी, तिवरं आणि ओहोटीला उघडी पडणारी चिखलाची मैदानं. हिवाळ्यात त्याच चिखलात हजारोंनी फ्लेमिंगो उतरतात. 2015 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने इथल्या हवेचा रहिवाशांच्या आरोग्याला धोका असल्याचं नोंदवलं. त्यानंतर 2017 पासून तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्यांमधली कुटुंबं इथल्या इमारतींमध्ये आणून टाकली आणि माहुलचं नाव पेपरात पहिल्या पानावर आलं. पण आमच्यासाठी माहुल म्हणजे मोठ्या काकांचं घर. घरामागे पत्र्याची पडवी. पडवीत जुन्या जाळ्यांचा ढीग. आणि ढिगाखाली आजोबांची सायकल.

तीन पक्ष, एक सायकल

काका-काकूंनी माहुल सोडून मुलीकडे पनवेलला राहायला जायचं ठरवलं. साहजिकच पडवी रिकामी करायची वेळ आली. जाळी निघाली, तुटकी थर्मोकोलची खोकी निघाली आणि सगळ्यात शेवटी सायकल निघाली. दोन्ही टायर कुजलेले, रिमवर गंजाची पापुद्रे, सीटचं चामडं वाळून खारकेसारखं झालेलं.

लगेच घरात तीन पक्ष पडले. काकूंचा पक्ष भंगारवाल्याचा. वीसेक किलो लोखंड, किलोवर भाव, पिशवीभर भाजी येईल, विषय संपला! दुसरा पक्ष माझ्या चुलत भावाचा. तो आयटीत आहे आणि त्याच्या फोनमध्ये जगातल्या सगळ्या कूल सायकलींचे फोटो आहेत. त्याचा प्लॅन तयारच होता: मडगार्ड काढायचे, चेनकव्हर काढायचं, सँडब्लास्टिंग करून फ्रेम नागडी करायची, वर मॅट ब्लॅक पावडर कोटिंग आणि सरळ हँडल. 'दादा, बीकेसीत नेली ना, तर लोक वळून बघतील.'

तिसरा पक्ष माझा. जशी होती तशी करायची.

'जशी होती तशी करून काय उपयोग?' भाऊ म्हणाला. 'म्युझियम पीस होईल. चालवणार कोण?'

कोपऱ्यात खुर्चीवर बसलेले काका इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, 'मी.'

काका एकाहत्तर वर्षांचे. दोन्ही गुडघे कुरकुरणारे. त्यांनी आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. चेनकव्हरवरची धूळ अंगठ्याने पुसली. खाली पांढऱ्या रंगात चार आकडे दिसले. आजोबांचा टोकन नंबर! 'हा बाबांनी स्वतः रंगवलाय. याला हात लावायचा नाय. बाकी काय ते तुम्ही बघा.'

आजोबांचा शाळेशी संबंध दुसरीपर्यंतच. सहीसुद्धा थरथरत करायचे. त्यांच्या हाताने लिहिलेली दुसरी कुठलीही गोष्ट आमच्या घरात नाही. सँडब्लास्टिंगवाल्याने वाळूचा फवारा मारला असता तर ते चार आकडे चार सेकंदात गेले असते. भावाने फोन खिशात ठेवला.

वरळीला बनलेली सायकल

माहुलची बर्मा शेल रिफायनरी 1955 मध्ये सुरू झाली. तीच सरकारने 1976 मध्ये ताब्यात घेतली आणि तिचं पुढे भारत पेट्रोलियम झालं. वडिलांची होडी भावाच्या हवाली करून आजोबा रिफायनरीत लागले. घरात सांगतात त्याप्रमाणे 1958 मध्ये त्यांनी ही सायकल घेतली, गेटवर शिफ्टला वेळेत पोचायला.

सायकल 'हिंद' कंपनीची. आपल्याला जुनी सायकल म्हटलं की रॅले नाहीतर बीएसए आठवते, म्हणजे नॉटिंगहॅम आणि बर्मिंगहॅम. पण हिंद सायकल्सचा कारखाना होता वरळीला! हो, जिथे आज टॉवर आणि रूफटॉप बार आहेत त्याच वरळीला. स्वातंत्र्याच्या आधीपासून सायकली बनवणाऱ्या देशातल्या मोजक्या कंपन्यांपैकी ही एक. नंतर मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय सायकल्स (1949), सोनीपतला अ‍ॅटलस (1951), लुधियानात हिरो (1956) असे मोठे खेळाडू आले. हिंद डबघाईला आली आणि 1980 मध्ये संसदेने खास कायदा करून हिंद आणि आसनसोलची सेन-रॅले या दोन्ही कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण केलं. त्यानेही त्या वाचल्या नाहीत. मोठ्यांचंही काही खरं नसतं, बरं का! एकेकाळी घराघरात असलेल्या अ‍ॅटलसने 2020 मध्ये साहिबाबादचा कारखाना थांबवला, तोही नेमका 3 जूनला, जागतिक सायकल दिनी.

म्हणजे आमची हिंद ही वरळीत जन्मलेली, माहुलला नांदलेली अस्सल मुंबईकर. हे कळल्यावर काकूसुद्धा भंगारवाल्याचं नाव घेईनाशा झाल्या.

गंजाशी मांडवली

मुंबईत गंज हा शत्रू नसतो, तो भाडेकरू असतो. पूर्ण बाहेर निघत नाही, त्याच्याशी बोलणी करावी लागतात. माहुलला तर खाडीची खारी हवा. हवेतलं मीठ ओलावा धरून ठेवतं आणि लोखंड आत आत खात जातं.

पहिला धडा: पॉलिश पेपर हाणायची घाई नको. एक तर रंग जातो. दुसरं म्हणजे जुन्या रंगांमध्ये शिसं असू शकतं. कोरडं घासून ती धूळ श्वासात घ्यायची नसते. घासायचंच तर पाणी लावून, तोंडाला मास्क बांधून.

आम्ही वापरलं ऑक्झॅलिक अ‍ॅसिड. रंगवाल्याकडे किंवा केमिकलच्या दुकानात पांढरी पावडर मिळते. चार लिटर पाण्यात दोन-तीन मोठे चमचे, प्लॅस्टिकचा टब आणि रात्रभर धीर. हे अ‍ॅसिड गंज विरघळवतं आणि चांगल्या रंगाला सहसा धक्का लावत नाही. मात्र ते विषारी आहे, त्यामुळे हातमोजे, चष्मा आणि पोराबाळांपासून लांब! नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवायचं आणि लगेच खडखडीत कोरडं करायचं. नाहीतर संध्याकाळपर्यंत नवा गंज हजर.

क्रोमसाठी ट्रिक आणखी स्वस्त. पोळ्या गुंडाळायची फॉइल पाण्यात बुडवून रिमवर घासायची. अ‍ॅल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असल्याने ओरखडे न पाडता गंज निघतो. काकूंचा अख्खा रोल संपला. त्याबद्दल जे बोलणं खाल्लं ते इथे छापण्यासारखं नाही.

टोकन नंबरवर यातलं काहीच नाही. फक्त ओला कापूस, मग कोरडा कापूस, मग पातळसा मेणाचा हात. आकडे थोडे फुटलेले आहेत. फुटलेलेच ठेवले.

ओव्हरऑईल म्हणजे काय रे भाऊ?

लहानपणी सायकलवाल्याच्या पाटीवर 'ओव्हरऑईल करून मिळेल' असं असायचं. मला वाटायचं, जास्त तेल घालत असतील! ओव्हरहॉलिंगचं ते आपलं मराठी रूप. म्हणजे सगळं खोलणं, छर्रे धुणं, ग्रीस भरणं आणि पुन्हा बसवणं.

हे काम मात्र आम्ही चेंबूरच्या एका मिस्त्रींकडून शिकलो. साठीचे गृहस्थ, फुटपाथवर पेटी, वर छत्री. त्यांचा धंदा आता मुख्यतः पंक्चर आणि हवेवर चालतो. जुनी हिंद बघून त्यांनी आधी हात धुतले, मग हात लावला.

पायडलचा दांडा धुरीवर कॉटरने अडकवलेला असतो. कॉटर म्हणजे एका बाजूला तिरकी घासलेली लोखंडी पिन. ती काढताना दांड्याखाली भक्कम टेकू द्यायचा आणि मग एकच ठाम घाव. टेकूशिवाय ठोकलं तर मार कॉटरला न बसता आतल्या छऱ्र्यांना बसतो. दोन्ही बाजूंचे कॉटर एकमेकांच्या उलट दिशेने बसतात, नाहीतर पायडलं एका रेषेत येत नाहीत. आणि एकदा काढलेला कॉटर पुन्हा वापरायचा नाही, नवा काही रुपयांत मिळतो.

छर्रे मोजून ठेवायचे. मागच्या चाकात पाव इंची, पुढच्या चाकात त्याहून बारीक. एक छर्रा जरी वेगळ्या मापाचा घुसला तरी कोन खराब होतो. मग रिमचा आऊट काढायचा: चाक फिरवत, एकेक तार आवळत, सैल करत. मिस्त्री कानाने काढतात. तार बोटाने छेडली की आवाजावरून कळतं, कुठली ताणलीय आणि कुठली ढिली. चुलत भाऊ, ज्याला कंपनीत 'परफॉर्मन्स ट्यूनिंग'चे पैसे मिळतात, तो तीन रविवार त्यांच्या शेजारी उकिडवा बसून हे शिकला. चौथ्या रविवारी मिस्त्रींनी पान्यावर हात न ठेवता फक्त मान डोलावली. त्या दिवशी त्याने आम्हा सगळ्यांना बिर्याणी खिलवली!

सुटे भाग मिळतात का? बिनधास्त मिळतात. 28 बाय दीड इंची टायर आपल्याकडे अजून बनतात. कारण आपण ज्याला अँटिक म्हणतो त्याच घाटाच्या सायकलवर आजही मुंबईत डबे, दूध आणि पाव फिरतात. काळबादेवीच्या सायकल दुकानांमध्ये एक चक्कर मारा. जे तिथे नाही ते चोर बाजारात. तिथे मात्र घासाघीस करायची तयारी हवी.

कस्टमायझेशनचा फंडा

आता काकांच्या गुडघ्यांचा प्रश्न. आणि इथे मला माझ्या 'जशी होती तशी' पक्षाचा राजीनामा द्यावा लागला, आनंदाने.

एक गिअरच्या आमच्या हिंदला पुढे 48 दाते, मागे 18. पायडलच्या एका फेरीत सायकल साधारण सहा मीटर जाते. पंचविशीत ठीक आहे. एकाहत्तराव्या वर्षी समोरून खाडीचा वारा आला की पायडलवर उभं राहावं लागणार आणि गुडघे बोलणार.

चोर बाजारात भावाला एक जुना स्टर्मी-आर्चर हब सापडला. एडब्ल्यू मॉडेल, तीन गिअर, सगळे हबच्या पोटात. इंग्लंडमध्ये 1936 मध्ये आलेलं हे डिझाइन, ते आजही तैवानमध्ये बनतं. या हबची गंमत म्हणजे त्यावर तो बनल्याचं साल ठोकलेलं असतं. आमच्यावर 62 आहे. गिअरचा हिशोब सोपा: मधला गिअर म्हणजे मूळचाच, खालचा पाऊणपट, वरचा सव्वापटीहून थोडा जास्त. म्हणजे एका फेरीत सहा मीटरऐवजी साडेचार किंवा आठ. काकांसाठी साडेचारवाला.

आणि सगळ्यात भारी गोष्ट: जुन्या इंग्लिश पद्धतीत मागच्या चाकाला 40 तारा आणि पुढच्याला 32. आपल्याकडे तीच पद्धत राहिली. त्यामुळे 40 भोकांचा तो परदेशी हब आपल्या साध्या रिममध्ये फिट बसला, कुठे ड्रिल मारावं लागलं नाही.

यातूनच आमच्या घराचा नियम ठरला, तो तुम्हालाही देतो: जे पुन्हा होतं तसं करता येईल, तेवढंच बदलायचं. हब बदला, मूळ चाक गुंडाळून ठेवा. सीट बदला, जुनं चामडं कापडात बांधून ठेवा. डायनॅमोच्या दिव्यात एलईडी घाला, दिवा तोच राहू द्या. पण फ्रेम कापणं, वेल्डिंग मारणं, मूळ रंग उडवणं हे वन वे तिकीट आहे. रंग पन्नास वेळा देता येतो, पण पहिला रंग एकदाच असतो.

रॉड ब्रेक मात्र तसेच ठेवले. हँडलपासून चाकापर्यंत जाणाऱ्या त्या चकचकीत सळया म्हणजे या सायकलीचा दागिना. पण खरं सांगायचं तर पावसात ओल्या लोखंडी रिमवर त्यांची पकड फारच कमी होते. काकांना सक्त ताकीद: पावसात हिंद घरात.

फ्रेमवरची सोनेरी लायनिंग जिथे पुसली होती तिथे कोण काढून देणार? गावातच उत्तर मिळालं. होड्यांवर नावं रंगवणाऱ्या एका पेंटरने लांब केसांचा ब्रश घेतला, श्वास रोखला आणि एका दमात रेघ ओढली. टेप नाही, पट्टी नाही. त्याने टोकन नंबरही 'फ्रेश' करून द्यायची ऑफर दिली. काकांनी फक्त नाय म्हटलं.

आधी हे बघून या

तुमच्याही माळ्यावर अशी एखादी पडली असेल तर कामाला लागण्याआधी एक ट्रिप पुण्याची. कर्वेनगरमध्ये विक्रम पेंडसे यांनी आपल्या संग्रहाचं सायकल म्युझियम 2017 मध्ये सुरू केलं. दुसऱ्या महायुद्धात पॅराट्रूपर सैनिकांसाठी बनवलेली बीएसएची घडीची सायकल तिथे आहे. दोन पंखांचे नट फिरवले की फ्रेम अर्धी होते! शिवाय जुने दिवे, पंप आणि अवजारं. मूळ वस्तू डोळ्यांत भरून घेतली की आपल्या हातून काय सुटता कामा नये ते कळतं.

मग घरी येऊन आपली सायकल नीट बघा. चेनव्हीलमध्ये बगळ्याची डोकी कोरलेली दिसली तर रॅले. बिल्ल्यावर एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन रायफली असतील तर बीएसए. कंपनी मूळची बंदुकांची ना! रॅले असेल तर एक लक्षात ठेवा: तिच्या बॉटम ब्रॅकेटला इंचात 26 आटे असतात, इतरांना बहुतेक 24. चुकीचा कप जोर लावून फिरवलात तर आटे गेले. आणि कुठे हाताने लिहिलेलं नाव, नंबर, तारीख दिसतेय का तेही बघा. तिथे पॉलिश पेपर नेऊ नका.

खर्च? हब, टायर-ट्यूब, रिम, छर्रे, मिस्त्रींची मजुरी आणि काकूंची फॉइल धरून आमचा आठ हजारांच्या घरात गेला. एवढ्यात मॉलमध्ये बरी नवी सायकल येते, हे मला काकूंनी सांगून झालंय. तुम्ही परत सांगू नका.

काकांनी पहिली चक्कर मारली ती सकाळी सहाला, टँकरची रांग लागायच्या आधी. घरापासून जेट्टीपर्यंत. भाऊ मागून बाइकवर, पोटात गोळा घेऊन. जेट्टीपाशी ओहोटी होती, लांबवर गुलाबी रेघ दिसत होती. काका उतरले, गिअरच्या खटक्याकडे बघून म्हणाले, 'बाबांना हे आवडलं नसतं.' आणि परत येताना त्यांनी तोच खालचा गिअर टाकला.

पनवेलच्या सोसायटीत पार्किंगवरून आधीच बोलणी झाली आहेत. सेक्रेटरींनी विचारलं, गाडी कुठली, नंबर काय? काकांनी कागदावर चार आकडे लिहून दिले.